तुटलेल्या जाळ्याची परीक्षा

परीक्षा या शब्दाची फोड ‘परि’ म्हणजे सभोंवार आणि ‘ईक्ष्’ म्हणजे पाहणें अशी आहे. वस्तु सर्व बाजूंनीं फिरवून पाहावी, तिचा कस लावावा आणि मग तिच्याविषयीं मत द्यावें, हा या शब्दामागील मूळ अभिप्राय. सोनार तो अजून पाळतो. आपलीं विद्यापीठें मात्र तीन तासांच्या लेखनाला परीक्षा म्हणतात, आणि त्या तीन तासांत उमेदवाराची एकच बाजू, म्हणजे त्याची स्मरणशक्ति, काय ती दृष्टीस पडते. ज्याचीं तीस वर्षें उत्तरपत्रिका तपासण्यांत गेलीं आहेत त्या शिक्षकाला हें निराळें सांगावयास नको. एकाच गाइडमधून उचललेलीं तींच वाक्यें शंभर उत्तरपत्रिकांत त्याच क्रमानें वाचावयास मिळालीं, म्हणजे आपण गुण विद्यार्थ्याला देत आहों कीं गाइड लिहिणाराला, असा प्रश्न त्याला अनेकदां पडलेला असतो.

या प्रश्नाशीं चिकाटीनें झगडण्याचा एक प्रयत्न विद्यापीठांच्या कक्षेबाहेर झाला. संगणकांचीं जाळीं उभारणाऱ्या व राखणाऱ्या इंजिनिअरांसाठीं सिस्को या अमेरिकन कंपनीनें १९९३ सालीं एक परीक्षा सुरू केली. ‘सिस्को सर्टिफाइड इंटरनेटवर्क एक्स्पर्ट’ हें तिचें पूर्ण नांव. व्यवहारांत ती सी.सी.आय.ई. या आद्याक्षरांनीं ओळखली जाते. पुण्या-मुंबईच्या पुष्कळ मध्यमवर्गीय घरांत हीं अक्षरें आतां अपरिचित राहिलेलीं नाहींत. मुलगा किंवा सून रात्रीं दोन-दोन वाजेपर्यंत जागून अभ्यास करते आहे, एकदां अपयश आलें, पुन्हां बसावयाचें आहे, एवढें त्या घरांतील वडीलधाऱ्या मंडळींना ठाऊक असतें. ही परीक्षा कशासाठीं निघाली, तींत पाहतात तरी काय, आणि तिच्यावर कोणकोणते प्रसंग आले, हें मात्र त्यांना सहसा कोणी सांगत नाहीं. तो इतिहास येथें थोडक्यांत सांगावयाचा आहे. त्यांत यंत्रशास्त्रापेक्षां मनुष्यस्वभावाचाच भाग अधिक आहे.

प्रथम परीक्षेच्या विषयासंबंधीं दोन शब्द. एका खोलींतील दहा संगणक तारेनें जोडले तर त्यांचा आपसांतला व्यवहार सहज चालतो. परंतु एका विद्यापीठाचें जाळें दुसऱ्या विद्यापीठाच्या जाळ्याशीं, आणि तें पुन्हां दुसऱ्या देशांतील जाळ्याशीं जोडावयाचें झालें, म्हणजे प्रत्येक नाक्यावर एक जाणता नाकेदार बसवावा लागतो. आलेला संदेश कोणासाठीं आहे, त्याला कोणत्या वाटेनें पुढें काढून द्यावें, ती वाट बंद असल्यास दुसरी कोणती, हें त्या नाकेदारानें क्षणार्धांत ठरवावयाचें असतें. टपालकचेरींत पत्रें वेगळीं करणारा कारकून जें काम करतो तेंच हें. येथील कारकून मात्र यंत्र आहे, आणि शेजारच्या नाक्यांवरील यंत्रांशीं सतत बोलून तें आपला वाटांचा नकाशा ताजा ठेवीत असतें. या यंत्रास राउटर म्हणतात.

या व्यवस्थेचा जो गुण तोच तिचा दोषहि आहे. शेजाऱ्यानें सांगितलेली वाट यंत्र बहुधा खरी मानून चालतें. म्हणून एका नाक्यावर चुकीचा नकाशा भरला गेला तर तो थोड्याच वेळांत दूरदूरच्या नाक्यांवर जाऊन पोंचतो. २५ एप्रिल १९९७ रोजीं अमेरिकेंतील एका लहानशा सेवासंस्थेच्या राउटरनें, जगांतील असंख्य ठिकाणांच्या वाटा आपल्याकडूनच जातात, अशी द्वाही फिरविली. इतर यंत्रांनीं ती खरी धरली, आणि दूरदूरचे संदेश त्या एवढ्याशा गल्लींत येऊन कोंडले. २४ फेब्रुवारी २००८ रोजीं पाकिस्तानांतील दूरसंचार कंपनीनें यूट्यूब आपल्या देशापुरतें बंद करण्यासाठीं एक खोटी वाट आपल्या यंत्रांत भरली; ती वाट देशाबाहेर निसटली आणि सुमारें दोन तास जगांतील बऱ्याच भागांतून यूट्यूब नाहींसें झालें. जाळ्यांवर काम करणाराच्या हातून होणाऱ्या एका ओळीच्या चुकीची व्याप्ति किती असते, याची कल्पना या दोन उदाहरणांवरून यावी. अशा माणसाला कामावर ठेवतांना, ‘यास खरोखर येतें काय?’ असें विचारण्याची गरज कोणालाहि पटेल.

सिस्को कंपनीचा जन्म जाळीं जोडण्याच्या या गरजेंतूनच झाला. स्टॅनफर्ड विद्यापीठांतील संगणकांची व्यवस्था पाहणाऱ्या लेनर्ड बोसॅक आणि सँडी लर्नर या पतिपत्नींनीं १९८४ सालीं ती स्थापन केली. सॅन फ्रान्सिस्को या नगरनामाचें शेपूट तेवढें घेऊन तिचें नामकरण झालें. पुढें राउटरची मागणी अशी वाढली कीं यंत्रें विकलीं जात, परंतु तीं नीट चालविणारीं माणसें पुरेशीं मिळत नसत. त्या काळची अडचण आजच्याहून बिकटहि होती. आज बहुतेक सर्व जाळीं एकच भाषा बोलतात. त्या वेळीं नोव्हेलच्या व्यवस्थेची भाषा निराळी, ॲपलची निराळी, डिजिटल इक्विपमेंटची त्याहून निराळी. आणि मोठ्या कचेरींत या सर्व भाषा एकाच घरांत नांदवाव्या लागत. त्यांतच ३० एप्रिल १९९३ रोजीं जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेनें वर्ल्ड वाइड वेब सर्वांना विनामूल्य वापरण्यास मोकळें केलें. जाळ्यांचा पसारा यापुढें कोणाच्या आंवाक्यांत राहणार नाहीं, हें त्या वर्षापासून दिसूं लागलें.

इंजिनिअरांना प्रमाणपत्रें देण्याची कल्पना तेव्हां नवी नव्हती. नोव्हेल कंपनीनें ती १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस रूढ केली होती. तिच्या परीक्षांत दिलेल्या पर्यायांतून बरोबर उत्तर निवडण्यावर भर असे. अशा परीक्षेचें व्हावयाचें तें झालें. प्रश्नांचे संच बाजारांत आले, शिकवण्या निघाल्या, आणि ज्यानें यंत्राला कधीं हात लावलेला नाहीं असा मनुष्यहि प्रमाणपत्र घेऊन नोकरीवर रुजू होऊं लागला. अशांना त्या धंद्यांतील लोकांनीं ‘पेपर सी.एन.ई.’, म्हणजे कागदी इंजिनिअर, असें नांव ठेविलें. समर्थांनीं ज्याला पढतमूर्ख म्हटलें त्याचीच ही अमेरिकन आवृत्ति.

सिस्कोच्या परीक्षेची आंखणी करणारांनीं हा कागदी इंजिनिअर दाराबाहेर ठेवण्याचा निश्चय केलेला दिसतो. त्यांचीहि एक लेखी परीक्षा होती, परंतु ती केवळ उंबरठा होती. खरी परीक्षा पुढें प्रयोगशाळेंत, पुरे दोन दिवस. उमेदवारासमोर राउटर, स्विच आणि तारा ठेवलेल्या असत. हातांत एक आराखडा व अटींची यादी मिळे. पहिल्या दिवशीं त्यानें स्वतःच्या हातांनीं तारा जोडावयाच्या, यंत्रांना आज्ञा द्यावयाच्या, आणि आराखड्याबरहुकूम जाळें उभें करावयाचें. दिवसाच्या अखेरीस पुरेसे गुण न पडले तर दुसऱ्या दिवशीं येण्याचें कारण उरत नसे. दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्याच जाळ्यावर आणखी कठीण रचना चढवावयाची. मग जेवणाची सुट्टी होई. उमेदवार जेवावयास गेला कीं परीक्षक त्याच्या मेजाशीं जाऊन त्यानेंच उभारलेलें जाळें ठिकठिकाणीं मोडून ठेवीत असे. परत आल्यावर उमेदवारानें ठराविक वेळांत प्रत्येक मोड शोधून काढावयाची, दुरुस्त करावयाची, आणि बिघाड काय होता तें सांगावयाचें.

ही शेवटची योजना मोठी मार्मिक होती. जाळें उभारण्याची कृति पाठ करतां येते. अमुक आज्ञेनंतर तमुक आज्ञा, हें घोकून होतें. परंतु दुसऱ्यानें, आपल्या पाठीमागें, कोठें काय मोडलें आहे, याचें पाठांतर कोणी आणि कसें करावें? तेथें यंत्राची लक्षणें पाहावीं लागतात, लक्षणांवरून तर्क करावा लागतो, तर्क पडताळावा लागतो, आणि तो खोटा ठरला तर न चिडतां दुसरा करावा लागतो. वैद्याची रोगपरीक्षा आणि ही परीक्षा यांची जात एक आहे. आणखी एक गोष्ट आपल्या परीक्षामंडळांनीं ध्यानांत घेण्यासारखी आहे. प्रयोगशाळेंत बसलेल्या उमेदवाराला कंपनीचे संदर्भग्रंथ पाहण्याची मुभा असे, आणि ती पुढेंहि राहिली. पुस्तक उघडें ठेवूनहि जी परीक्षा कठीण राहते तींतच कांहीं अर्थ आहे, कारण पुस्तकांत नसलेलें कांहीं ती पाहत असते. गुणांचा हिशेबहि कडक होता. एखाद्या कलमाच्या चार अटींपैकीं तीन साधल्या आणि चौथी हुकली तर त्या कलमाचे गुण शून्य. वाहतुकीच्या पुलाचे चारांपैकीं तीनच खांब उभे राहिले तर बांधणाराला पाऊणपट श्रेय कोणी देत नाहीं.

उत्तीर्ण होणाराला क्रमांक मिळतो आणि तो त्याचाच राहतो. दुसऱ्या कोणाला दिला जात नाहीं. या क्रमांकांची सुरुवात एकापासून झाली नाहीं, १०२४ पासून झाली. दोनाचा दहावा घात १०२४ होतो, आणि संगणकाचें सारें गणित दोनाच्या घातांवर चालतें, हें ज्यांना माहीत आहे त्यांना या निवडींतील थट्टा समजेल. त्यांतहि १०२४ हा क्रमांक कोणा मनुष्याला न देतां खुद्द प्रयोगशाळेलाच देण्यांत आला. परीक्षेची रचना करणारे स्टुअर्ट बिग्ज यांना १०२५ मिळाला, आणि कंपनीबाहेरून येऊन ती परीक्षा प्रथम उत्तीर्ण होणारे टेरी स्लॅटरी यांना १०२६. आज हे क्रमांक साठ हजारांच्या पलीकडे गेले आहेत. जगभर पसरलेल्या या धंद्यांत तीस वर्षांचा हा आंकडा थोडाच म्हणावा लागेल. उत्तीर्ण होणारांचें शेंकडा प्रमाण कंपनी जाहीर करीत नाहीं. परंतु पहिल्याच बैठकींत यश मिळणें ही या परीक्षेंत विशेष गोष्ट मानली जाते, यावरून वाचकांनीं काय तें समजावें.

येथवरचा भाग उभारणीचा झाला. यापुढचा भाग ओहोटीचा आहे, आणि इतिहासाच्या अभ्यासकाला तोच अधिक शिकवितो. १९९८ सालीं कंपनीनें सी.सी.एन.ए. या नांवाची प्रवेशाची सोपी परीक्षा काढून खालपासून वरपर्यंत एक जिनाच बांधला. वरच्या पायरीकडे पाहणारांची संख्या वाढली. दोन दिवसांच्या परीक्षेला एका मेजावर एका आठवड्यांत फार थोडे उमेदवार बसूं शकतात. तेव्हां दाराशीं रांग लागणें अपरिहार्य होतें. अखेर ऑक्टोबर २००१ पासून परीक्षा दोन दिवसांवरून एक दिवसावर आणण्यांत आली. तारा आधींच जोडून ठेवलेल्या मिळूं लागल्या. आठ तासांत जाळें उभें करावयाचें; आणि मोडलेलें दुरुस्त करण्याचा तो स्वतंत्र भाग गळाला. उमेदवाराच्याच हातून होणाऱ्या चुका त्यालाच शोधाव्या लागतात, तेव्हां दोषशोधनाची परीक्षा आपोआप होतेच, असें समर्थन यावर करतां येतें, आणि तें अगदींच निराधार नाहीं. तरी परीक्षकाच्या हातानें केलेली मोड आणि स्वतःच्या हातून झालेली चूक यांत अंतर आहे. पहिली अनपेक्षित असते. नोकरींत जी संकटें येतात तीं बहुधा पहिल्या जातीचीं.

तीं कशीं असतात याचें एक बोलकें उदाहरण त्याच सुमारास घडलें. नोव्हेंबर २००२ मध्यें बोस्टन येथील बेथ इस्राएल डीकनेस या नामांकित रुग्णालयाचें संगणकजाळें कोलमडलें. जाळ्यांत संदेश गोल-गोल फिरत राहूं नयेत म्हणून स्विचांमध्यें एक रीत योजलेली असते. राडिया पर्लमन या विदुषीनें १९८५ च्या सुमारास ती शोधून काढली. या रितीला मर्यादा आहे. एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत सातांहून अधिक स्विच ओलांडावे लागूं नयेत, असा तिचा सर्वसाधारण संकेत. रुग्णालयाचें जाळें वर्षानुवर्षें एकास एक जोडीत वाढत गेलें होतें आणि तें ही मर्यादा ओलांडून गेलें होतें. एके दिवशीं त्यावर मोठा भार पडतांच वाटा बंद होईनात, संदेश घोंघावत राहिले, आणि सारें ठप्प झालें. चार दिवस त्या रुग्णालयानें कागद, पेन आणि निरोप पोंचविणारीं माणसें यांवर कारभार चालविला. सिस्कोचे इंजिनिअर नवीन यंत्रसामग्री घेऊन तेथें धांवून गेले आणि जाळ्याची नव्यानें मांडणी करावी लागली. रुग्णालयाच्या संगणकविभागाचे प्रमुख जॉन हॅलम्का यांनीं हा प्रकार झांकून न ठेवतां सर्वांना उघडपणें सांगितला, ही गोष्ट त्यांना भूषणावह आहे. त्या चार दिवसांत जो मनुष्य हवा होता तो नवें जाळें कोऱ्या मेजावर उभारणारा नव्हे. दुसऱ्यांनीं अनेक वर्षें वाढविलेल्या, नकाशा हरवलेल्या जाळ्यांत शिरून दुखणें कोठें आहे तें सांगणारा हवा होता.

इकडे परीक्षेला पाठांतराची वाळवी लागूं लागली. प्रत्येक उमेदवाराकडून प्रश्न उघड न करण्याचें वचन लिहून घेतलेलें असतें. तरीहि प्रश्न फुटत, आणि उत्तरांसकट विकले जात. या मालाला त्या धंद्यांत ‘डम्प’ म्हणतात. आठ तासांचें संपूर्ण जाळें, ओळींमागून ओळी, वेदांच्या घनपाठाप्रमाणें मुखोद्गत करून परीक्षेस बसणारे लोक निघाले. घनपाठ्याचा हेतु निदान निर्मळ असे. यांचा तसा नव्हता. ज्या परीक्षेचा जन्म कागदी इंजिनिअरला हुसकावण्यासाठीं झाला तिच्याच दारांतून तो मानानें आंत येऊं लागला होता.

कंपनीनें यावर केलेले उपाय क्रमानें पाहण्यासारखे आहेत. ऑगस्ट २००८ पासून बीजिंग येथील केंद्रावर दहा मिनिटांची तोंडी परीक्षा सुरू झाली. पुढील वर्षाच्या आरंभीं तिच्या जागीं सर्वत्र थोडे लेखी प्रश्न आले, ज्यांचीं उत्तरें पर्यायांतून न निवडतां स्वतःच्या शब्दांत द्यावयाचीं होतीं. हा उपायहि पुढें मागें घेण्यांत आला. टिकला तो उपाय जुनाच होता. ऑक्टोबर २००९ मध्यें परीक्षेची मुख्य शाखा नव्या स्वरूपांत आली, तेव्हां दोन तासांचा दोषशोधनाचा स्वतंत्र भाग आठ वर्षांनीं परत आला. आतां जाळें उमेदवाराचें स्वतःचें नव्हतें. परक्याचें, मोठें, मोडलेलें जाळें आणि तक्रारींच्या चिठ्ठ्यांची चळत त्याच्यापुढें टाकली जाई. २०१४ सालीं त्याला आणखी एका भागाची जोड मिळाली. तेथें यंत्राला हातच लावावयाचा नाहीं. ग्राहकाशीं झालेला पत्रव्यवहार, यंत्रांच्या नोंदी आणि आराखडे एवढेच कागद द्यावयाचे, आणि बिघाडाचें मूळ कोठें तें उमेदवारानें सांगावयाचें. रोगी समोर नाहीं, नातेवाइकांचें बोलणें तेवढें ऐकून वैद्यानें निदान करावें, तसा हा प्रकार. फेब्रुवारी २०२० पासून परीक्षेची पुन्हां नवी मांडणी झाली. आठ तासांपैकीं पहिले तीन तास रचनेच्या विचाराला आणि उरलेले पांच उभारणी, चालन व सुधारणा यांना. रचनेच्या भागांत एकदां उत्तर देऊन पुढें गेलें कीं मागें वळतां येत नाहीं. धंद्यांतहि एकदां दिलेला सल्ला सहसा मागें घेतां येत नाहीं.

आणखी एक नियम मात्र अगदीं आरंभींच्या बाण्याला धरून आहे. हें प्रमाणपत्र जन्माचें मिळत नाहीं. ठराविक मुदतींत, पूर्वीं दोन वर्षांत व आतां तीन वर्षांत, आपली विद्या जिवंत असल्याचें पुन्हां दाखवावें लागतें. ज्या भाषांवर पहिल्या तुकडीची परीक्षा झाली त्यांपैकीं ॲपलची आणि डिजिटलची भाषा आज जाळ्यांत ऐकूंहि येत नाहीं. तीस वर्षांपूर्वींचें ज्ञान मुखांत तसेंच धरून बसलेल्याला क्रमांक असून नसून सारखाच. आमच्या प्राध्यापकवर्गाला असा नियम लागूं केला तर काय होईल, हा विचार मनांत येऊन थोडी धास्ती वाटते.

परीक्षक आणि शिकवणीवाले यांच्यांतील ही झुंज या परीक्षेबरोबर जन्मलेली नाहीं. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांनीं १८९९ सालीं केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेंत सीनिअर रँग्लर हा मान मिळविला, त्याचा अभिमान महाराष्ट्राला आजहि आहे आणि तो रास्त आहे. परंतु त्याच परीक्षेसाठीं एकोणिसाव्या शतकांत शिकवणीची केवढी मोठी व्यवस्था उभी राहिली होती, हें आपण विसरतों. एडवर्ड राउथ या एकट्या गुरूच्या हाताखालून दोन डझनांहून अधिक सीनिअर रँग्लर बाहेर पडले. राउथ स्वतः चांगले गणिती होते. शिष्यहि बुद्धिमान होते. तथापि परीक्षा गणितासाठीं न राहतां गणित परीक्षेसाठीं झालें, अशी तक्रार खुद्द केंब्रिजमधील गणित्यांनींच केली, आणि १९०९ नंतर गुणानुक्रम जाहीर करण्याची प्रथा तेथें बंद पडली. केंब्रिजनें शर्यत थांबविली. सिस्कोनें शर्यत चालू ठेवून तिची वाट वरचेवर बदलली. दोघांचाहि रोग एकच होता.

या परीक्षेचे दोष न सांगणें अप्रामाणिकपणाचें होईल. ती एका व्यापारी कंपनीची परीक्षा आहे. उमेदवार ज्या यंत्रांवर तरबेज होतो तीं त्याच कंपनीचीं, आणि तज्ज्ञ जितके अधिक तितका त्या यंत्रांचा खप अधिक, हें उघड आहे. प्रयोगशाळेंतील एका बैठकीची फी दीड हजार डॉलरांहून अधिक पडते. अपयश आलें तर ती पुन्हां भरावयाची. भारतांतील उमेदवाराला बंगळूर येथें केंद्र आहे, तरी प्रवास आणि मुक्काम यांचा खर्च निराळाच. एके काळीं अभ्यासासाठीं जुने राउटर विकत घेऊन घरांत मांडावे लागत, आणि ज्याला तें परवडे त्यानेंच या वाटेला जावें अशी स्थिति होती. ती पुष्कळशी पालटली याचें श्रेय कंपनीपेक्षां एका बाहेरच्या माणसाला आहे. क्रिस्तोफ फियो या फ्रेंच गृहस्थानें २००५ सालीं डायनामिप्स नांवाचा एक प्रोग्राम लिहिला. त्यामुळें साध्या घरगुती संगणकाच्या पोटांत राउटरांचें सबंध जाळें चालवितां येऊं लागलें. पुढें जी.एन.एस.३ या प्रोग्रामनें तें काम आणखी सोपें केलें. दोन खोल्यांच्या घरांत, एका मेजावर, जगाच्या जाळ्याची प्रतिकृति मांडून ती मोडावी आणि पुन्हां जोडावी, ही सोय मध्यम स्थितींतील विद्यार्थ्याला अशा रीतीनें मिळाली. स्वतःच जाळें मोडून, चार दिवसांनीं मोड विसरल्यावर तें दुरुस्त करण्यास बसणें, ही या परीक्षेची सर्वांत उत्तम तयारी होय. त्याला वेळ लागतो. डम्प घेणारा हा वेळच वांचवीत असतो, आणि परीक्षेंत जें मिळवावयाचें तें नेमकें त्या वेळांतच असतें.

हा इतिहास वाचून इतिहासाच्या शिक्षकानें काय घ्यावें? आमच्या परीक्षांत आम्ही विद्यार्थ्याला जोडलेलें जाळें देतों आणि त्याचें वर्णन करावयास सांगतों. पानिपतच्या पराभवाचीं कारणें लिहा, म्हणतों. तीं कारणें गाइडमध्यें क्रमांकवार छापलेलीं असतात. त्याऐवजीं एकादा मोडी कागद, नव्हे त्याचें बाळबोध लिप्यंतरच, त्याच्यापुढें ठेवावें. त्या पत्रांतील शक आणि शुहूर सन यांचा एकमेकांशीं मेळ बसत नसावा. किंवा ज्या गृहस्थाच्या नांवें तें लिहिलेलें आहे तो त्या तारखेपूर्वींच वारलेला असावा. जंत्री व संदर्भग्रंथ खुशाल मेजावर असूं द्यावे. या कागदांत बिघाड कोठें आहे तें शोधा, तो नकलणाराचा हस्तदोष आहे कीं कागदच बनावट आहे तें ठरवा, आणि कशावरून तें लिहा, एवढाच प्रश्न विचारावा. उत्तरपत्रिका तपासण्यास वेळ लागेल, आणि पहिल्या वर्षीं निकाल शेंकडा किती लागेल याची काळजी विद्यापीठाला पडेल. परंतु त्या ढिगांत एकहि उत्तर दुसऱ्यासारखें निघणार नाहीं, आणि तपासणाराला पुष्कळ वर्षांनीं, आपण माणसांचें लिहिलेलें वाचीत आहों, असें वाटेल.